सावली आसनावर येण्याआधी

पूर्वी वाराणसीत राजा राज्य करीत असताना, तेथून दक्षिणेस एका सरोवराच्या काठी राजा नसलेले एक नगर होते. त्याचे नाव कुमुदवती. तेथील लोक आपल्यातूनच एकाची गणमुख्य म्हणून निवड करीत, आणि त्या काळी बोधिसत्त्व त्या पदावर होते.

त्या नगराची एक रीत होती. नवा गणमुख्य शिलासनावर बसला, की आसनाच्या शेजारी बकुळीचे एक रोप लावीत. रोपाचा वृक्ष होई, आणि ज्या दिवशी त्याची दुपारची सावली आसनावर पडे, त्या दिवशी मुदत संपे. मग सर्वांनी मिळून ती जड शिळा पुढे सरकवायची, नवा मुख्य निवडायचा आणि नवे रोप लावायचे. असे होत होत आसनामागे बकुळीची एक राईच उभी राहिली होती. संध्याकाळी तिचा सुगंध सरोवरावर पसरे, आणि नावेतल्या माणसांना आपण पाण्यावर आहोत की स्वप्नात, हे चटकन कळत नसे.

त्या राईचा माळी सुयाम याची बोधिसत्त्वांवर अपार श्रद्धा होती. यांच्यासारखा मुख्य पुन्हा होणे नाही, असे त्याला मनापासून वाटे. म्हणून बोधिसत्त्वांच्या झाडाची फांदी आसनाकडे वळू लागली, की तो ती हळूच छाटून टाकी. ही गोष्ट इतर समर्थकांनाही ठाऊक होती; कोणी बोलत नसे, एवढेच.

एका संध्याकाळी तो कोयता घेऊन झाडावर असताना बोधिसत्त्व खाली येऊन उभे राहिले.

"सुयामा, हे तुला कोणी करायला सांगितलं?"

"कोणी नाही, आर्य. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटतं."

बोधिसत्त्वांनी जमिनीवर पडलेली कोवळी फांदी उचलली, तिच्यावरच्या कळ्या पाहिल्या आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सभा भरली, तेव्हा त्यांनी खांद्यावरचे शुभ्र उत्तरीय घडी करून आसनावर ठेवले. "हे पद मी आज सोडतो," एवढेच म्हणून ते नावेत बसले आणि पैलतीरी निघून गेले.

समर्थकांना ते खरेच वाटेना. एकजण म्हणाला, "काही व्रत असेल. पौर्णिमेला येतील परत." दुसरा म्हणाला, "विरोधकांनी काही खाऊ घातलं असणार." एक वृद्ध विणकर तर रागाने रडू लागला, "जायचं तर जा, पण आम्हाला विचारायचं तरी!" पुढे ते रोज रिकाम्या आसनावर फुले वाहू लागले. कालव्याच्या पाण्यावरून शेतकरी आणि कोळी भांडत आले, तेव्हा समर्थकांनी त्यांचा तंटा आसनापुढे मांडला. आसन गप्प राहिले, आणि दोन्ही पक्षांनी ती आपल्यालाच संमती मानली. परिणामी कालव्यावर डोकी फुटली.

तेव्हा विरोधकांचा पुढारी चित्रक याने जाहीर केले, की पौर्णिमेच्या दुपारी नवे रोप लावले जाईल. समर्थक गरजले, "सावली अजून आसनावर आलेली नाही! मुदत संपलीच नाही!" त्यांनी रानातून जाड दांडे तोडून आणले. सुयामनेही एक आणला.

हा चित्रक सुयामच्या पत्नीचा, अनोजेचा, सख्खा भाऊ. तिने दाराशी टेकवलेला दांडा पाहिला.

"हा कशाला?"

"सावली यायची आहे अजून," सुयाम म्हणाला.

"येईल कशी? रोज संध्याकाळी कोयता घेऊन कोण जातं, ते मी पाहत नाही का? उद्या एकीकडे माझा भाऊ, दुसरीकडे तुम्ही. मी आधी कोणाच्या डोक्याला हळद लावायची, तेवढं सांगून जा."

पौर्णिमेच्या पहाटे सुयामने नाव सोडली. सरोवरावर दाट धुके होते. वल्ह्याचा आवाजही कापसातून यावा तसा येत होता, आणि कुमुदांची पाने वाट दाखवीत आहेत, असे त्याला वाटत राहिले. धुके विरळ झाले, तेव्हा पैलतीरावर बोधिसत्त्व वेताची टोपली विणीत बसलेले दिसले.

"आर्य, चला. आपण आसनावर बसला नाहीत, तर आज तिथे रक्त सांडेल."

बोधिसत्त्वांनी विणकाम थांबवले. "सुयामा, माझ्या झाडाला यंदा फुलं आली का?"

सुयाम मान खाली घालून म्हणाला, "नाही. कळ्यांच्या फांद्याच राहिल्या नाहीत."

"तू हे प्रेमापोटी केलंस, हे मला ठाऊक आहे. पण मी तिथे बसून राहिलो असतो, तर तुझ्या हातातला कोयता कधीच खाली ठेवला गेला नसता. मी येतो. मात्र आसनावर बसणार नाही."

ते पोहोचले, तेव्हा दुपार भरत आली होती. आसनाभोवती समर्थक दांडे रोखून उभे होते. समोर चित्रक हातात रोप घेऊन उभा होता, आणि त्याच्या मागेही दांडे होते. बोधिसत्त्वांना पाहताच समर्थकांनी जयघोष केला आणि आसनाकडे वाट करून दिली.

बोधिसत्त्व त्या वाटेने गेले नाहीत. निवडीच्या शलाका, म्हणजे मत देण्याच्या काड्या, वाटणाऱ्या वृद्धाजवळ जाऊन त्यांनी विचारले, "बाबा, रांग कुठून सुरू होते?"

वृद्ध गोंधळून म्हणाला, "आर्य, रांग अजून लागलीच नाही."

"मग माझ्यापासून सुरू होऊ दे. पण आधी शिळा सरकवायला हवी ना?" ते विणकराकडे वळले. "दांडे आणलेत, ते बरं झालं. शिळा फार जड आहे."

कोणीच हलले नाही. सुयामने त्या खुरटलेल्या झाडाकडे पाहिले. मग त्याने कमरेचा कोयता काढून सरोवरात फेकला आणि आपला दांडा शिळेखाली घातला. शिळा जागची हलेना. तेव्हा चित्रकाने रोप जवळच उभ्या असलेल्या बहिणीच्या, अनोजेच्या, हाती दिले.

"दाजी, एकट्याने जोर लावून पाठ मोडून घ्याल," असे म्हणत त्याने पलीकडून आपला दांडा घातला. मग विणकराने घातला. पाहता पाहता दोन्हीकडचे सगळे दांडे शिळेखाली गेले, आणि ती करकरत पुढे सरकली.

बोधिसत्त्व रांगेत शलाका घेऊन उभे राहिले. त्यांनी कोणाला मत दिले, हे कोणी विचारले नाही. निवड होऊन नवे रोप लागले. बोधिसत्त्वांच्या झाडावर पुन्हा कोयता चालला नाही. पुढे ते इतके बहरले, की उन्हाळ्यात नव्या रोपावर त्याचीच सावली असे.

विहारातील शयनासनांची, म्हणजे झोपण्या-बसण्याच्या साहित्याची, व्यवस्था पाहणाऱ्या एका ज्येष्ठ भिक्षूने, स्थविराने, मुदतीआधी ते काम सोडले, म्हणून नव्या व्यवस्थापकाच्या हातून चटई न घेता एक भिक्षू उघड्या जमिनीवर निजत होता. त्याला उद्देशून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. ऐकता ऐकता त्याची मान खाली गेली. तेव्हा शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा सुयाम म्हणजे हा भिक्षू. चित्रक म्हणजे आजचा नवा व्यवस्थापक. ज्या उपासिकेने सकाळी या भिक्षूची कानउघाडणी केली, ती अनोजा. आणि आसन सोडून रांगेत उभा राहिलेला गणमुख्य मीच होतो. लोक प्रेमाने धरून ठेवीत असताना, त्यांच्याच हितासाठी सहज सोडून देता येणे, या गुणाला नैष्क्रम्य म्हणतात."