फाटकवाल्याची सायकल

एकदा एक लोखंडी फाटके बनवणारा गृहस्थ, केस पिकू लागल्यावर, सायकल घडवायला शिकू लागला. त्याचे नाव मुकुंद. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या त्याच्या गावात त्याच्या हातचे फाटक नसलेले अंगण सापडणे कठीण, आणि फाटके अशी की बैलाने अंग घासले तरी हलू नयेत. अशा माणसाला सायकलीचे वेड लागायला कारणही तसेच होते. त्या कारणाचे नाव जुई.

जुई ही त्याची एकुलती मुलगी. घाटमाथ्यावरच्या वाड्यांमध्ये फिरून विहिरींचे आणि झऱ्यांचे पाणी तपासण्याचे काम तिला मिळाले होते. त्या वाड्यांना एसटी जात नव्हती. "बाबा, मला एक सायकल करून द्या," ती म्हणाली होती. "चढाला मला रेटता येईल अशी, आणि उताराला ओल्या रस्त्यावरही जागच्या जागी थांबेल अशी." सायकल जमली नाही तर काम सोडावे लागेल, हेही तिने सांगून टाकले होते.

बाजारात सायकली मिळत नव्हत्या का? मिळत होत्या. पण आपल्या हातात कसब असताना लेकीने दुकानाची पायरी चढावी, हे मुकुंदला रुचणारे नव्हते. बाप लोक असेच असतात, आपण हसू नये.

म्हणून तो गावातल्या एका वृद्ध कारागिराकडे गेला. त्यांना सगळे दादामिस्त्री म्हणत. पोलादाच्या नळ्या कापायच्या, पितळ वितळवून त्यांचे सांधे झाळायचे आणि ज्याच्या त्याच्या मापाचा सांगाडा उभा करायचा, यातच त्यांचे आयुष्य गेले होते. शिंप्याने अंगाबरोबर सदरा बेतावा तशी दादा सायकल बेततात, असे लोक सांगत. शिकवताना ते फारसे बोलत नसत. सांध्याचे तोंड नीट बसले नाही, तर नुसते "हूं" म्हणत, आणि शिष्य निमूटपणे कानस हातात घेई.

नळ्या निवडण्याची वेळ आली तेव्हा मात्र मुकुंदने आपल्याच मनाचे ऐकले. वृद्धाने पुढे ठेवलेल्या पातळ, चिवट नळ्या त्याने बोटांनी दाबून पाहिल्या आणि गुपचूप बाजूला सारल्या. आपल्या दुकानातून तो फाटकाच्या जाड नळ्या घेऊन आला. प्रत्येक सांध्याला त्याने वरून पट्टीचा आधार दिला. डिस्क ब्रेकच्या चकत्याही मिळाल्या त्यांतल्या सर्वांत मोठ्या बसवल्या. दादामिस्त्रींनी सगळे पाहिले, पण अडवले नाही.

जुई ती सायकल घेऊन घाटाला लागली. जेमतेम पहिल्या वळणापर्यंत गेली आणि तिथून सायकल हातात धरून दादांच्या कारखान्यावर परत आली. घामाने चिंब झाली होती बिचारी.

"मजबूत झालीय हो, बाबा," ती म्हणाली. मग कपाळ पुसत म्हणाली, "मीच कमी पडतेय. राहू दे ते काम. गावातच बघते काहीतरी."

मुकुंदने फार वाईट वाटल्याचे बोलून दाखवले. ते खोटे नव्हते. पण आत कुठेतरी त्याला हायसेही वाटले, आणि ते वृद्धाच्या नजरेतून सुटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंद दादांकडे आला आणि परसाच्या दारातच थबकला. दादामिस्त्रींनी सायकलीची चाके, हँडल, ब्रेक सगळे उतरवून ठेवले होते. परसातल्या कुंपणाला एक खिंडार होते, तिथून शेळ्या शिरत आणि मेथी फस्त करत. त्या खिंडारात त्यांनी तो सांगाडा बिजागऱ्यांवर टांगला होता आणि मधल्या मोकळ्या जागेत काटक्या विणल्या होत्या. एक शेळी बाहेर उभी राहून मोठ्या खिन्नपणे आत बघत होती.

मुकुंदला ते फार लागले. "दादा, हाताला फोड आलं माझ्या, आन तुम्ही थट्टा करताय?"

"थट्टा न्हाई रं. बस हितं," वृद्ध म्हणाले. "तू फाटकच केलंयस. झ्याक झालंय. फाटकाचं काम अडवायचं. धडक कुठनं येईल ठावं नसतं, म्हणून ते समद्या अंगानं दणकट लागतं. सायकलीचं तसं न्हाई. जोर कुठं बसणार ते आधीच ठावं असतं. चकती डाव्या अंगाला. ब्रेक दाबला की हिसका बसतो पुढल्या चाकाच्या चिमट्याच्या डाव्या पायाला, आन मागं चाकापाशी सांगाड्याच्या डाव्या कोपऱ्याला. तिथं दे की पायजे तेवढं बळ. बाकीच्या नळ्यांनी जरा लवावं, खड्डा सोसावा, चढाला हलकं ऱ्हावं. तू तर समदीकडंच भ्यालास."

मुकुंद मान खाली घालून ऐकत होता.

"लेकीवर तुझी माया हाय, ती आंधळ्यालाबी दिसंल. पर खरं सांग, ही सायकल ती जावी म्हणून केलीस, का जाऊ ने म्हणून?"

मुकुंदचे डोळे भरून आले. "घाट लई वाईट हाय, दादा. ती सांजंला माघारी येईस्तवर माझा जीव टांगणीला लागणार."

"लागणारच. बापाचा जीव टांगणीलाच असतो. त्याचं वजन तू उचल. तिच्या सायकलीवर नगं घालू."

मग मुकुंदने विचारले, "मग पयल्यांदाच का न्हाई बोललात?"

"बोललो असतो तर तू पातळ नळ्या घेतल्या असत्यास, आन घरी जाऊन मला शिव्या घातल्या असत्यास."

मुकुंदला रडता रडता हसू आले. त्याच दिवशी त्याने त्या बाजूला सारलेल्या नळ्या पुन्हा हातात घेतल्या. या वेळी त्याने फक्त चिमट्याचा डावा पाय जाड घेतला, आणि मागे ब्रेक बसतो त्या कोपऱ्यात एक आधार झाळला. पातळ नळीला आच जास्त लागली तर ती जळते. म्हणून पितळ सांध्यात उतरले, की दादामिस्त्री शेजारून म्हणत, "पुरे. आता हात काढ." हात वेळेवर काढणे मुकुंदला सर्वांत जड गेले. पण तो शिकला. सांगाडा पुरा झाला तेव्हा वृद्धाने तो उचलून पाहिला, बोटाने टिचकी मारून ऐकला, आणि "हूं" म्हटले नाही.

जुई त्या सायकलीवरून घाट चढून गेली आणि उतरून आली. कारखान्यासमोरच्या ओल्या उतारावर तिने ब्रेक दाबला, आणि सायकल दोघांच्या पुढ्यात शहाण्यासारखी उभी राहिली. "बाबा!" एवढेच ती म्हणाली. बापाला ते पुरले.

कामावर निघायच्या दिवशी ती दादांच्या पाया पडायला आली. पाणी तपासायची पेटी तिने मागे बांधली होती. घाटाची वाट परसातूनच जवळ, आणि तिथे ते फाटक लावलेले. मुकुंद पुढे झाला, त्याने कडी काढली आणि आपल्या हातचे ते अवजड फाटक लेकीसाठी उघडून धरले. ती बाहेर पडली. वळणावर ब्रेकचा बारीक आवाज झाला, मग सायकल दिसेनाशी झाली.

मुकुंद तसाच फाटक धरून उभा राहिला. त्याच्या पायांशेजारून शेळ्या एकेक करून आत शिरल्या आणि मेथीला लागल्या. दादामिस्त्रींना ओट्यावरून सगळे दिसत होते. त्यांनी शिष्याला हाक मारली नाही. मेथी काय, पुन्हा पेरता येते.