ओंजळभर वाळू

फार फार जुन्या काळची गोष्ट. मुलांनो, ऐका, मोठ्यांनीही ऐकली तर काही बिघडत नाही.

समुद्रकाठी एक राज्य होतं. तिथल्या राजवाड्याच्या मधल्या चौकात काळ्या दगडाचं मोठं कुंड होतं. कुंडात खारं पाणी होतं आणि त्या पाण्यात लाल-जांभळी पोवळी होती, हळूहळू डुलणारी समुद्रफुलं होती, निळे, पिवळे, केशरी मासे होते. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ म्हणून कुंडासाठी दूर बेटापलीकडचं नितळ पाणी होडीतून आणत असत.

या कुंडाची एक रीत होती. घराण्यात नवी सून आली की तिनं आपल्या माहेरच्या किनाऱ्यावरची वाळू आणायची आणि कुंडात सोडायची. पण ओंजळभरच. ओंजळभरच का, ते कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. अशा किती ओंजळी पडल्या असतील! म्हणून कुंडाचा तळ कुठे तांबूस, कुठे राखाडी, कुठे काळसर दिसायचा.

कुंडाची देखभाल राजमाता स्वतः करायची. माशांना खाऊ घालायची, पोवळ्यांवरचं शेवाळ पिसानं अलगद काढायची. पण तळाला मात्र कुणाला हात लावू द्यायची नाही.

"तिथं माझ्या सासूबाईंची ओंजळ आहे," ती म्हणायची, "आणि त्यांच्या सासूबाईंचीही."

त्यामुळे तळाशी गाळ साचत गेला. खालची वाळू काळी पडली. मधूनच बुडबुडे वर यायचे आणि चौकात नासक्या अंड्यासारखा वास सुटायचा. दासी पदराआड नाकं मुरडायच्या, पण राजमातेसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

अशात राजाचं लग्न झालं आणि नवी राणी आली. तिच्या माहेरची वाळू तांदळाच्या पिठासारखी पांढरीशुभ्र होती. तिनं रीतीप्रमाणे ओंजळ सोडली. ती गाळात पडली आणि दिसेनाशी झाली. राणीला वाईट वाटलं.

"आईसाहेब," ती म्हणाली, "ही वाळू नासलीय. बदलायला हवी."

"आत्ता कुठे उंबरठा ओलांडलास, सूनबाई, आणि लगेच तळ उपसायला निघालीस?"

"पण वास येतो ना."

"समुद्राला वास असायचाच. तुमच्याकडच्या समुद्रात काय अत्तर वाहतं?"

दासी फिसकन हसल्या. राणीचे कान लाल झाले. ते बोलणं तिच्या मनात रुतून बसलं.

पुढे राजा गलबतं घेऊन लांबच्या सफरीवर गेला. तो परत येईल तेव्हा कुंड कसं लखलखलं पाहिजे, असं राणीनं ठरवलं. रीत एका ओंजळीची होती. तिनं माहेराहून गलबत भरून वाळू मागवली.

"गोड्या पाण्यात खळखळून धुवा," तिनं हुकूम दिला. "मग कडक उन्हात वाळवा. एकही कण मळका राहायला नको."

नोकरांनी मासे आणि पोवळी लाकडी पिंपांत काढून ठेवली. फावडी घेऊन जुनी वाळू तळापासून खरवडली आणि परसात उन्हात फेकून दिली. राजमाता भांडली नाही. ती आली, लोणच्याची एक रिकामी मोठी बरणी जुन्या वाळूनं अर्धी भरली, वर खारं पाणी घातलं आणि बरणी कडेवर घेऊन आपल्या दालनाकडे वळली.

"तुझं कुंड आता तू बघ," एवढंच बोलून तिनं दार लावून घेतलं.

नवी वाळू पडली. मासे परत सोडले. कुंड चांदण्यासारखं चमकायला लागलं, आणि बघायला आलेला जो तो राणीचं कौतुक करून गेला.

थोडेच दिवस गेले आणि पाणी पेजेसारखं पांढुरकं दिसायला लागलं. पोवळ्यांनी अंग आखडून घेतलं. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. राणीनं होडीतून आलेलं सगळं पाणी कुंडात ओतलं. दोन घटका बरं वाटे, पुन्हा तेच. एका सकाळी निळे मासे पाण्यावर उलटे तरंगताना दिसले.

समुद्रफुलाच्या सावलीला, दगडावर, केशरी माशांच्या जोडीनं अंडी घातली होती. बाप मासा परांनी त्यांना वारा घालत होता. त्याचेही पर आता थकत चालले होते, पण तो हलत नव्हता. त्याच्याकडे बघून राणीला रडू कोसळलं.

"आता रडतेस?" कडेच्या दगडावरून कुणीतरी कुरकुरलं. शंखात राहणारा एक म्हातारा खेकडा होता तो.

"मी घाणच तर काढली," राणी म्हणाली.

"काढलीस. आणि घाण खाणारेही काढलेस. त्या वाळूत आमचे सफाईवाले राहायचे, बाई! इतके बारीक, की तुला दिसायचे नाहीत. मासे जे टाकतील ते खाऊन पाणी निवळ ठेवायचे. तुझी वाळू सुंदर आहे, पण तिच्यात कुणी राहतच नाही."

"म्हणजे बदलायलाच नको होती का?"

"असं कुठे म्हटलं मी? खालची वाळू सडली होतीच. त्या वासानं माझंही डोकं उठायचं. पण मला बघ. मी शंख बदलतो, तर नवा समोर ठेवतो, आत-बाहेर चाचपतो, मगच जुना सोडतो. तू तर आधी सगळ्यांना उघड्यावर काढलंस."

"मग ते सफाईवाले परत कुठून आणू?"

"थोडी जुनी, ओली, जिवंत वाळू मिळाली तर तिच्यातून ते नव्या वाळूत पसरतील. पण जरा वेळ लागेल."

राणी परसात धावली. तिथली वाळू उन्हानं कोरडी ठणठणीत झाली होती. तिच्यात जिवंत काहीच उरलं नव्हतं. थोड्यातून सगळीकडे पसरायचं... हे तर तिला माहीत होतं! लहानपणी आई तिला वाटी देऊन शेजारी पाठवायची. चमचाभर विरजण आणलं की सकाळी पातेलंभर दही लागायचं.

आणि तिला ती बरणी आठवली.

दिवेलागण झाली होती. राणीनं वाटी घेतली आणि राजमातेचं दार वाजवलं.

"कोण?"

"मी, आईसाहेब. विरजण मागायला आलेय."

दार उघडलं. "तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत, ठाऊक नाही का? आणि राजवाड्यातलं दही संपलं की काय?"

"दह्यासाठी नको," राणी मान खाली घालून म्हणाली. "कुंडासाठी हवंय. मासे मरतायत, आईसाहेब. चूक माझी आहे."

राजमाता तिच्या हातातल्या वाटीकडे बघत राहिली. कोपऱ्यात बरणी होती. तिच्यातलं पाणी ती रोज थोडंथोडं बदलत होती. आत एक गोगलगाय वाळूतून सावकाश चालली होती.

"चूक तुझी एकटीची नाही," राजमाता म्हणाली. "वास मलाही यायचा. पण त्या ओंजळींना मी इतकी जपत बसले, की त्या सडतायत हेही बघितलं नाही. वेळच्या वेळी थोडा गाळ काढला असता तर तुझ्यावर ही पाळी आली नसती." मग तिनं बरणी उचलली. "वाटी ठेव. एवढ्याशा विरजणानं एवढं मोठं पातेलं लागत नसतं. चल, धर दुसऱ्या बाजूनं."

दोघींनी मिळून ती वाळू ओंजळीओंजळीनं कुंडात पसरली. मग राजमातेनं घागर उचलली आणि कुंडातलंच पाणी वरून धार धरून पुन्हा कुंडात सोडलं, म्हणजे त्याच्याबरोबर हवाही आत जाईल. ती दमली की राणी धार धरी. होडी नेमानं पाणी आणत राहिली.

लगेच काही पालटलं नाही. आणखी काही मासे गेले. पोवळ्याची एक फांदी पांढरी पडली ती कायमची. पण हळूहळू पाणी निवळलं. समुद्रफुलं उमलली. आणि एका सकाळी राजमातेनं हाक मारली, "सूनबाई, लवकर ये गं!" केशरी जोडीच्या दगडाभोवती तिळाएवढी पिल्लं भिरभिरत होती.

राजा परतला तेव्हा कुंडाचा तळ पांढरा होता, पण मधूनमधून तांबूस आणि काळसर छटा होत्या. वास मात्र मुळीच नव्हता.

पुढे दोघींनी नवी रीत घातली. दर मोसमात पोकळ बांबूनं तळाचा एकच कोपरा उपसायचा, तिथं खाऱ्या पाण्यात धुतलेली नवी वाळू अलगद सोडायची, आणि तो कोपरा रुळेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. खूप वर्षांनी राणीची सून आली आणि तिनं विचारलं, "आईसाहेब, वाळू ओंजळभरच का?" तेव्हा राणी हसली आणि तिला कुंडाच्या काठाशी बसवून तिनं ही सगळी गोष्ट सांगितली.

ध्यानात ठेवायचं ते इतकंच: जुनं सडेपर्यंत धरून ठेवू नये आणि एका दमात फेकूनही देऊ नये, नवं ओंजळीओंजळीनं आणावं, आणि त्याला जुन्याचं विरजण लावावं.