गोजराच्या गडूतले पाणी

प्रवरेच्या काठी निंबगव्हाण नावाचे गाव आहे. गावाबाहेर टेकडीच्या उतारावर उदोनाथ महाराजांचा मठ होता. महाराज त्या वेळी ऐंशीच्या पुढे गेले होते. पायांतले बळ सरले होते, आसनावरून उठायचे तर दोघांनी धरावे लागे. वाणी मात्र खणखणीत, आणि नजर अशी की समोरच्याला पोटात काही लपवणे जड जाई.

ज्या वर्षीची ही कथा, त्या वर्षी मुलखात गाठीची, म्हणजे प्लेगची, साथ आली. घराघरांतून उंदीर मरून पडू लागले आणि गाव ओस पडले. लोक माळावर झोपड्या घालून राहिले. मागे उरली ती नदीजवळची धर्मशाळा. ज्यांना विचारणारे कोणी नाही अशी दहा-बारा म्हातारी माणसे तिथे पूर्वीपासून होती. आता पंचांनी ठराव केला, की ज्याला गाठ उठेल त्यालाही तिथेच नेऊन ठेवायचे आणि घरच्यांनी मागून जायचे नाही. जाणार होते कोण म्हणा! जो तो आपला जीव मुठीत धरून बसला होता.

गोजरा तेवढी तिथे राहिली. कुंभाराची विधवा लेक, वय चाळिशीचे. म्हाताऱ्यांची कूस बदलावी, अंथरुणे धुवावीत, चमच्याने पेज भरवावी, आणि कोणाचे डोळे फिरू लागले की डोके मांडीवर घेऊन तोंडात गंगाजल घालावे. जगवणे तिच्या हाती नव्हते. कोणाला एकटे जाऊ द्यायचे नाही, एवढेच तिने धरले होते.

मयताला शिवली म्हणून तिला मठात मज्जाव होता. एकाचा विटाळ फिटतो न फिटतो तोच दुसरे कोणी जाई. तीन महिने बाईला महाराजांचे दर्शन नव्हते. खालच्या पायरीवर डोके टेकायचे आणि परत फिरायचे.

हा मज्जाव पाळणारे मठाचे कारभारी दिगंबरपंत. माणूस कामाला चोख. पहाटे महाराजांना स्नान घालणे, पूजेची तयारी करणे, पाय चेपणे, सगळे वीस वर्षे त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिले नव्हते. पण गेल्या तीन महिन्यांत त्यांना अन्न गोड लागेना. कारण काय, तर महाराज रोज नैवेद्याचे ताट समोर आले की विचारीत, "गोजरा जेवली का?"

रोज! पंत हात जोडून समोर उभे असत. वीस वर्षांत महाराजांनी त्यांना एकदाही विचारले नव्हते, की दिगंबर, तू जेवलास का?

भक्तहो, पंतांना हसू नका. दर्शनाच्या रांगेत पुढच्याला जरा जास्त वेळ मिळाला तर आपल्या कपाळाला आठी पडतेच. देव वाटून घेता येतो हे तोंडाने म्हणायला सोपे, पण दुसऱ्याच्या वाट्याला चिमूटभर अधिक गेलेला दिसला की पोटात दुखतेच. पंतांच्या पोटात दुखत होते.

"जिला सोवळे-ओवळे कळत नाही, ती आता मोठी भक्त झाली!" ते पूजेची फुले निवडताना म्हणत. "म्हाताऱ्यांची ढुंगणे धुतली की परमार्थ होतो, मग आम्ही इथे काय गवत उपटतो?" ऐकणारे हसत. हसण्याने पंतांना तेवढ्यापुरते बरे वाटे.

काशीहून आलेली गंगाजलाची एक मोठी घागर मठात होती. तिच्यातले गडूभर पाणी दर गुरुवारी गोजराला द्यावे, अशी महाराजांची आज्ञा होती. त्या गुरुवारी सकाळी पंत घागर उघडायला गेले, तेवढ्यात आतून महाराजांचा आवाज आला, "काठोकाठ भर रे. तिला पुरत नाही."

पंतांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी घागर तशीच ठेवली. मागच्या अंगणात गुरांचा हौद होता. हिरवट, शेवाळलेले पाणी. पंतांनी गडू त्यात बुडवला, काठोकाठ भरला, तोंडाला फडके बांधले आणि पायरीवर नेऊन ठेवला. गोजराने तो कपाळाला लावला, पदराखाली धरला आणि ती निघून गेली. पंतांनी ते उभे राहून पाहिले. किती तरी दिवसांनी त्या दिवशी ते पोटभर जेवले.

जेवून हात धुतात तोच माळावरून शेजारी धापा टाकीत आला. "पंत, तुमच्या मातोश्रींना सकाळी ताप भरला. काखेत गाठ निघाली. पंचांनी बाजेवर घालून धर्मशाळेत पोचवलं."

आई गेली तर काय, एवढाच धाक पंतांना नव्हता. आईच्या तोंडात शेवटचे पाणी कोणते पडणार, हे त्या गावात एकट्या त्यांनाच ठाऊक होते.

त्यांनी दुसऱ्या गडूत खरे गंगाजल भरून घेतले. दारापर्यंत गेले, परत आले. गाठीची भीती होतीच. पण गोजराने विचारले, की पहिल्या पाण्याला काय झाले, तर काय सांगायचे? आणि महाराजांना कळले तर वीस वर्षांची जागा जाईल. मग तिथे कोण बसेल? आई जाते आहे आणि आपण जागेची काळजी करतो आहोत, हे त्यांचे त्यांनाच कळत होते. तरी पाय उचलत नव्हता.

दिवस कलला. खालून कोणीतरी ओरडून सांगितले, "म्हातारीला घरघर लागली!"

तेव्हा मात्र पंत धावत आत गेले आणि महाराजांच्या आसनापुढे कोसळले. "महाराज, मी पापी आहे! गोजराच्या गडूत गंगाजल नाही. हौदातले पाणी आहे, गुरांचे!"

महाराज डोळे मिटून बसले होते. त्यांनी उजवा हात पुढे केला. हात कोपरापर्यंत भिजलेला होता, बोटांवरून थेंब गळत होते.

महाराज म्हणाले, "गोजराने हाक मारली. जावे लागले."

काय हा माणसाचा स्वभाव! त्या घटकेलाही पंतांच्या तोंडून तेच निघाले. "तिने एकदा हाक मारली आणि आपण गेलात! मी वीस वर्षे इथे उभा आहे, महाराज. माझ्यासाठी कधी गेलात?"

महाराजांनी डोळे उघडले. "आज कोणाच्या आईकडे गेलो होतो रे?"

पंत उठले ते टेकडी उतरून थेट धर्मशाळेत शिरले. पंचांचा ठराव, गाठ, सोवळे, कशाचेही भान त्यांना उरले नाही. आत गोजराच्या मांडीवर आईचे डोके होते. सगळे शांत झाले होते. ओठ ओले होते. शेजारी गडू आडवा पडला होता आणि त्याच्याभोवतीची जमीन भिजली होती.

गोजरा म्हणाली, "पंत, पानी पाजाया गडू उचलला, तर म्हातारीचाच हात लागून समदा सांडला. थेंब ऱ्हायला न्हाई. 'दिगू, पानी, दिगू, पानी' करत व्हती. मांडीवर डोकं, मला उठता येईना. मग म्हनलं, महाराज, हिला कोरडी नका जाऊ देऊ. तर मागनं माझ्या खांद्यावरून हात आला. पान्यानं भरलेला. म्हातारी घटाघटा प्याली अन् हसली."

"कोणाचा हात होता?"

"म्या न्हाई बघितलं."

"तीन महिने दर्शन नाही तुला," पंत म्हणाले, "आणि महाराज पाठीशी उभे असताना तू मागे वळून पाहिले नाहीस?"

गोजराला प्रश्नच समजला नाही. "म्हातारी जात व्हती न्हवं, पंत! तिच्याकडं बघायचं का मागं?"

मग पंतांनी हौदाची गोष्ट तिला सांगितली. काही वगळले नाही.

गोजराचा चेहरा पालटला. "अन् आज तुमची आई नसती, ह्यातलं दुसरं कुनी असतं," ओळीने निजलेल्या म्हाताऱ्यांकडे तिने हात केला, "तर त्येंला त्ये पानी चाललं असतं व्हय?"

ज्या बाईला पंतांनी तीन महिने पायरीच्या वर येऊ दिले नव्हते, तिच्या पायांवर त्यांनी डोके ठेवले आणि लहान मुलासारखे ते हुंदके देऊन रडले. त्यांचे रडणे ओसरल्यावर गोजरा म्हणाली, "उठा आता. म्हातारीला मसनात न्यायला येरवी मी एकटीच असती. आज तुमी हाये तर पायाकडनं धरा."

पंतांनी डोळे पुसले आणि आईचे पाय धरले.