गोजरामायची टोपली

फार फार वर्षांपूर्वी, खैरगव्हाणच्या वेशीबाहेर आज जिथं तळं आहे, तिथं तळं नव्हतं. तिथं एका बाईचं वावर होतं. तिचं नाव गोजराबाई, पण सगळा गाव तिला गोजरामाय म्हणायचा, आणि अजूनही म्हणतो.

ती जन्मली तीच शेतात, असं म्हणतात. ज्वारीची काढणी चालू होती, आईनं विळा बाजूला ठेवला, लेक झाली, आणि बाभळीला झोळी बांधली गेली. चालायला लागायच्या आधीच तिला खुरपता येत होतं, असंही म्हणतात. ते मात्र मला जरा जास्तच वाटतं. एवढं खरं की ढेकूळ हातात फोडून ती सांगायची, पेरा किंवा थांबा, आणि तिचं ऐकणाऱ्याचं बी कधी वाया गेलं नाही.

तिला पोरं किती झाली, यावर खैरगव्हाणात अजून एकमत नाही. कुणी नऊ सांगतं, कुणी अकरा. घोळ असा की शेजारपाजारचीही तिच्याच परातीभोवती बसायची आणि वाढताना ती कोण कुणाचं हे बघायची नाही. सगळ्यांची जेवणं झाली की उरेल ते तिचं. बहुतेक वेळा काही उरायचंच नाही, मग ताक पिऊन ती वावरात जायची. नवरा सुभानजी लवकर वारला. तिनं पदर खोचला, औत धरलं आणि एवढं खटलं एकटीनं ओढलं.

मुलगे मोठे झाले, सुना आल्या, आणि वाटणीची भाषा सुरू झाली. गोजरामायनं कुणाला बोल लावला नाही. स्वतः पुढं होऊन वाटण्या पाडल्या. आपल्या पोटापुरता ओढ्याकाठचा एक तुकडा ठेवला. पण मुलांच्या वावरांमध्ये तिनं बांध सोडले ते एवढे रुंद, की डोक्यावर पाटी घेतलेल्या दोघीजणी समोरासमोर आल्या तरी कुणाला खाली उतरायला लागू नये.

थोरला लिंबाजी कुरकुरला, "माय, एवढी जमीन बांधात घालवायची का?"

"वावरं तुमची," ती म्हणाली. "बांध माझ्या लेकींचा. त्यांला कुनी जमीन दिली नाही, देनार बी नाही. निदान माहेरी यायला पाय ठेवायपुरती जागा असू द्या. भावाच्या पिकातून चोरावानी कशाला यावं त्यांनी?"

बांधावर तिनं तीळ आणि अंबाडी लावली. ते पीकही लेकींचंच. थोरली लेक कौतिका सणाला त्या बांधावरून यायची आणि जाताना ओटी भरून तीळ न्यायची.

पण जमिनीची हाव वाईट. एका वर्षी नांगरताना लिंबाजीनं फाळ जरासा बांधात घातला. एकच तास, नांगराची एक रेघ. पलीकडच्या वावरातून धाकट्या रावजीनं ते बघितलं आणि आपल्या बाजूनं दोन तास घातले. पुढं दर वर्षी हेच. बांध करगोट्याएवढा उरला. अशात कौतिका लेकराला कडेवर घेऊन आली आणि पाय घसरून लिंबाजीच्या गव्हात पडली. गहू मोडला म्हणून लिंबाजी तिच्यावरच ओरडला. घराचा उंबरा न बघता ती तिथूनच मागं फिरली. बांध आधी कुणी कोरला, यावरून दोघा भावांची जुंपली, कुऱ्हाडी निघाल्या, लोकांनी ओढून धरलं म्हणून निभावलं.

हे कानावर आलं तेव्हा गोजरामाय चुलीपुढं होती. आपण असताना लेक मागं फिरली, तर आपल्या माघारी ती कशाला येईल? एका परातीत जेवलेली पोरं एकमेकांना परकी होतील. तिनं राहिलेल्या भाकरी थापल्या, टोपली आणि कुदळ उचलली आणि निघाली.

मग एक नवल घडायला लागलं. कोरलेला बांध भरून यायचा! लिंबाजीनं तास घातला की थोड्या दिवसांत बांध होता तेवढा. रावजीनं घातला तरी तेच. सुभानजीच येऊन बांध राखतो, असं लोक बोलू लागले. दोघं भाऊ येता-जाता बांधाला हात जोडू लागले, नारळ फोडू लागले. नांगर मात्र एकालाही आवरला नाही.

शेवटी न राहवून लिंबाजी एका दुपारी बाभळीआड दबा धरून बसला. ऊन रणरणत होतं, गाव जेवून आडवा झाला होता. ओढ्याकडून मातीची टोपली येताना दिसली. टोपलीखाली माय होती, इतकी वाकलेली की आधी टोपलीच दिसावी. तिनं माती बांधावर ओतली, पायानं दाबली आणि परत निघाली. तो मागोमाग गेला. बघतो तर मायचं वावर नव्हतंच. तिथं घर बुडेल एवढा खोल खड्डा होता, आणि तळाशी म्हातारी कुदळ मारत होती. एका बाईच्यानं एवढं व्हायचं नाही. तिचे कष्ट बघून धरणीच आपणहून टोपलीत येऊन बसायची, असं म्हणतात.

"माय, हे काय केलंस गं?"

तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि वर बघितलं.

"तुमी कोरता, मी भरते. पन माझं वावर संपत आलं, लिंबाजी. म्होरं कशानं भरू, तेवढं सांगून ठेव."

लिंबाजी खड्ड्यात उतरला आणि तिच्या पायांवर पडून रडला. संध्याकाळच्या आत रावजी आला, बाकीचे भाऊ आले, सुना-नातवंडं आली. ज्यानं त्यानं आपल्या वावरातली माती उचलली आणि बांधावर टाकली. मग लिंबाजी स्वतः जाऊन कौतिकाला घेऊन आला. त्या दिवशी सगळं घर थांबलं आणि मायला पहिलं ताट वाढलं. जन्मात पहिल्यांदा ती सगळ्यांच्या आधी जेवली, असं म्हणतात. हे मात्र मला पुरतं खरं वाटतं.

त्याच पावसाळ्यात गोजरामाय गेली आणि तिचा खड्डा पाण्यानं भरला. तेव्हापासून ते तळं कधी आटलं नाही, असं म्हणतात.

आजही खैरगव्हाणात नांगर धरण्याआधी प्रत्येकजण आपल्या वावरातली एक टोपली माती बांधावर टाकतो. बांधावरचे तीळ संक्रांतीला लेकींकडे जातात. कधी सरकारी मोजणी आली की कुणाचंच वावर कागदाइतकं भरत नाही, जरा कमीच निघतं. मोजणीवाले बुचकळ्यात पडतात. विचारतात, बाकीची जमीन गेली कुठं?

आणि तक्रार न करता माणसं सांगतात, "मायच्या टोपलीत."