खळीचं मडकं

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा दारांना कड्या असत, पण कुलपं नसत.

एका नदीच्या काठाला लहानसं गाव होतं आणि गावाच्या टोकाला घोंगड्या विणणाऱ्यांचं एक घर होतं. त्या घराला वास यायचा. तसा वास प्रत्येकच घराला येतो. तुमच्याही घराला येतो, रागावू नका. आपला आपल्याला कळत नाही, पाहुण्याला उंबऱ्यातच कळतो, एवढंच. पण या घराशी आलेला पाहुणा जरा थबकायचाच. ओल्या लोकरीचा वास, आणि त्याहून वरचढ खळीचा. चिंचोके भाजून, भिजवून, कुटून शिजवले की त्यांची चिकट खळ होते. ती लोकरीच्या सुताला लावायची, म्हणजे घोंगडी कडक होते आणि पाऊस अडवते. चुलीशेजारी खळीचं एक काळं मडकं कायम असायचं. त्याचा आंबूस वास भिंतींत, पांघरुणांत आणि विणकरणीच्या हातांत मुरला होता.

ही गोष्ट त्या विणकरणीची.

तिला दोन लेकरं. पाळण्यातला मुलगा, आणि त्याच्यावरची चारेक वर्षांची मुलगी. मुलीला घरात सगळे 'बाय' म्हणत. ही बाय झोपताना आईचा हात ओढून नाकावर धरायची, तेव्हा कुठे तिला झोप लागायची.

"अगं, त्या हाताचा कसला वास घेतीस?" बाप हसून विचारायचा.

"घराचा," ती म्हणायची.

एकदा नदीपलीकडे मेंढरांचा बाजार भरला. विणकरीण घोंगड्या विकायला बसली होती. गिऱ्हाइकाला घोंगडी उलगडून दाखवायची म्हणून तिने पोरीचा हात सोडला. तेवढ्यात समोरून एक कोकरू उड्या मारत गेलं आणि बाय त्याच्या मागे गेली. घोंगडीची घडी घालून आईने वळून पाहिलं, तर पोर नव्हती.

बाप गावोगाव फिरला. पण चार वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं तरी ती काय सांगणार? गाव कुठलं, तर आमचं. आईचं नाव काय, तर आई. बाप अखेर ताप घेऊन घरी आला आणि त्या तापातच गेला.

विणकरीण मात्र रडत बसली नाही. ती म्हणाली, "माझ्या बायला वाट ठाऊक न्हाई, पन वास ठाऊक हाय. ती वासावर येईल."

तेव्हापासून तिने ते मडकं कधी रिकामं होऊ दिलं नाही. सूत नसेल, विणकाम नसेल, त्या दिवशीही खळ शिजायची. शेजारणी चेष्टा करायच्या, "तुझ्या दारावरनं जाताना नाकाला पदर लावावा लागतो बाई!" ती म्हणायची, "लावा की. पदर तुमचा, नाक तुमचं." आणि खळ ढवळत राहायची.

वर्षं गेली. पाळण्यातला मुलगा मागावर बसू लागला. हात असा बसला की त्याच्या घोंगड्यांना लांबून मागणी येऊ लागली. एक दिवस शहरातले एक व्यापारी आपल्या मुलीसाठी त्याला पाहायला आले. तेही घोंगड्यांतलेच, पण विणणारे नव्हते, विकणारे होते. ते दारातल्या घोंगडीवर कडेकडेने टेकले, चार शब्द बोलले आणि उठले. समोर ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याला त्यांनी हातही लावला नाही.

ते गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, त्यांनी पानी घेतलं न्हाई. दिसलं न्हवं तुला?"

"दिसलं."

"बाय आता यायची न्हाई गं. जी गेली तिच्यासाठी तू मडकं ठेवतीस. मी हितंच हाय. कधी माझ्याकडं बघितलंस?"

विणकरणीला बोल लागला, कारण तो खरा होता. एका लेकराची वाट बघताना दुसरं लेकरू नजरेसमोर मोठं झालं आणि तिने ते नीट पाहिलंच नव्हतं. ती उठली, मडकं डोक्यावर घेतलं आणि स्वतःच्या पायांनी नदीकाठी नेऊन ठेवलं.

मुलाने तिथे छप्पर घातलं. माग तिकडे गेला, लोकर तिकडे गेली, चूल मांडली गेली. घराच्या भिंती खरवडून पांढऱ्या मातीने सारवल्या. जुनी पांघरुणं गरिबांना वाटली. सकाळ-संध्याकाळ धूप जळू लागला. व्यापारी पुन्हा आले, तांब्याभर पाणी प्याले आणि लग्न ठरलं.

सून गुणाची होती, तिला बोल लावू नका. घरातली एक मुलगी हरवलेली आहे हे तिला कुणी सांगितलंच नाही. लग्नघरात अशुभ नको म्हणून आधी कुणी बोललं नाही आणि नंतर बोलायचं राहूनच गेलं. सासूला कष्ट नकोत म्हणून सून घर राखायची. सासू मात्र दिवसभर नदीकाठी खळ शिजवत बसायची. घरी येताना हात मातीने घासून धुवायची, सुनेच्या घराला वास लागू नये म्हणून.

अशाच एका दुपारी ती मडकं ढवळत होती. वारा चुलीकडून नदीवर जात होता. मधल्या धारेतून नाव पलीकडे चालली होती. तिने सहज पाहिलं, तर नावेतली एक बाई एकदम उठून उभी राहिली आणि काठाकडे हात करू लागली. नाव डुलली. नावाड्याने तिला ओरडून खाली बसवलं.

"पडंल की येडी," विणकरीण स्वतःशी म्हणाली आणि पुन्हा ढवळू लागली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सून दिवा लावत होती.

"आत्याबाई, आज एक गंमतच झाली," सून म्हणाली. "नदीपलीकडे बैलांचा तांडा उतरलाय ना, त्यातली एक बाई आली होती, कडेवर तान्हं घेऊन. उंबऱ्यात उभी राहिली, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. मी म्हटलं, काय हो, काय पाहिजे? तर म्हणाली, माझं घर शोधतेय. लहानपणी बाजारात हरवले, तांड्याने वाढवलं. गावाचं नाव ठाऊक नाही, फक्त वास ठाऊक आहे."

विणकरणीने भिंतीला हात टेकला. "कसला वास?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, तो सांगता येत नाही, आला की कळेल. मी पाणी दिलं, ती प्यायली. मग म्हणाली, तुमच्या घराला किती छान वास येतो हो, देवळासारखा. हे माझं नाही. आणि जाताना... आत्याबाई, जाताना तिने माझा हात धरून नाकाला लावला. नुसती हसली आणि गेली."

विणकरीण घाटाकडे धावली. त्या वयात ती कशी धावली, तिचं तिलाच कळलं नाही. नावाडी नाव बांधत होता.

"ती पोर," तिने कसंबसं विचारलं, "उभी का राहिली होती?"

"तांड्यातली व्हय? नाव फिरवा म्हणत होती. माझं घर घावलं म्हणाली." नावाड्याने दोर ओढून गाठ मारली. "मी बगितलं, तर समोर तुझी चूल. म्हणलं, बाई, तिथं कुनाचं घर न्हाई, नुसतं छप्पर हाय. पानी चढतंय, गुमान बस. मग बसली बिचारी, पदरात तोंड घालून. का गं? कोन व्हती?"

नावाड्याला विणकरणीच्या तोंडाकडे पाहून काय कळायचं ते कळलं. त्याने गाठ सोडली आणि तिला पलीकडे नेलं. तांड्याच्या जागी विझलेल्या चुली होत्या. पुढे वाट तीन ठिकाणी फुटत होती, आणि सगळ्या वाटांवर बैलांच्या खुरांचे ठसे होते.

ती परत आली तेव्हा मुलगा घाटावर उभा होता. सुनेने त्याला सगळं सांगितलं होतं. आईची नजर त्याला सोसवेना. पण आईने त्याला बोल लावला नाही, कारण मडकं तिने स्वतःच उचललं होतं. तो छपरात गेला, गरम मडकं चुंबळीवर घेऊन डोक्यावर ठेवलं आणि रडत रडत घरी आणून चुलीशेजारी ठेवलं.

मग धूप विझला. पांढऱ्या भिंती हळूहळू काळ्या झाल्या. सून आपल्या हाताने चिंचोके कुटायला शिकली आणि तिच्या बोटांनाही तो वास लागला. मुलगा तिन्ही वाटांनी जाऊन आला, पण त्याच्या हाती काही लागलं नाही. विणकरीण रोज दारात बसून राहायची, हात न धुता. बाय आली नाही. म्हातारी गेली त्या दिवशीही चुलीवर खळ शिजत होती.

तिला पोहोचवून लोक परतले, आणि त्या दिवसापासून गावात कुणी आपल्या घराचा वास झाकला नाही. तेल्याच्या घराला पेंडीचा, गवळ्याच्या घराला ताकाचा, रंगाऱ्याच्या घराला निळीचा वास तसाच राहू दिला. म्हणून आजही प्रत्येक घराला आपापला वास आहे. पाहुण्याने नाक मुरडलं तर मुरडू द्यावं, तो घटकाभराचाच असतो.

तात्पर्य : परक्याच्या नाकाला आवडावं म्हणून घराचा वास पुसू नये, आपलं माणूस त्याच खुणेवर परत येत असतं.