उरल्यासुरल्या लोकरीचं करडू

धुक्याच्या डोंगराखाली एक इवलंसं गाव होतं आणि गावाच्या टोकाला एक इवलंसं घर. त्या घरात आठ वर्षांची कुंदा आणि तिची आत्या अशा दोघीच राहायच्या. कुंदा रांगत होती तेव्हाच तिचे बाबा देवाघरी गेले. आणि आई डोंगरापलीकडच्या शहरात कामाला गेली होती. "दिवाळीला येते हं," म्हणून गेली. पण त्याच पावसाळ्यात मोठी दरड कोसळली, डोंगरातली वाट बुजली. पलीकडून निघालेली माणसं धुक्यात वाट चुकून परत फिरू लागली. एक दिवाळी गेली. दुसरीही गेली.

घरात कधी भाकरी एकच असायची आणि खाणाऱ्या दोघी. पण भुकेपेक्षा कुंदाला संध्याकाळ जास्त छळायची. गावातल्या आया आपापल्या मुलांना हाका मारायच्या आणि कुंदा उंबऱ्यावर बसून त्या सगळ्या हाका ऐकत राहायची. एखादीत चुकून आपलं नाव येईल, असं तिला रोज वाटायचं.

आत्या लोकांचे स्वेटर विणून द्यायची. विणून झालं की लोकरीचे तुकडे उरायचे. एक लालचुटूक, एक हळदीसारखा पिवळा, एक मोरपंखी, एक जांभळा. कुंदा ते गोळा करायची, एकमेकांना गाठी मारून जोडायची.

"काय करणार गं एवढ्याशा लोकरीचं?" आत्याने एकदा विचारलं. "यात बाहुलीचं टोपडंसुद्धा व्हायचं नाही."

"करडू करीन," कुंदा म्हणाली. "आई मला 'माझं करडू' म्हणायची ना, म्हणून."

 आत्याने आपली क्रोशाची सुई कुंदाच्या हातात दिली आणि बोटाला धागा कसा घ्यायचा, ते दाखवलं.

कुंदा गोल गोल टाके घालत गेली. चुकलं की उसवायची, पुन्हा घालायची. हळूहळू लाल पोट झालं. एक कान पिवळा, एक मोरपंखी. तीन पाय नीट झाले आणि चौथ्याला लोकर पुरेना, तो आखूडच राहिला. शेपटी तर वाटाण्याएवढी! आता पोटात भरायला कापूस हवा होता. म्हणून वैशाखातल्या एका दुपारी ते लुळंपांगळं करडू छातीशी धरून कुंदा रानातल्या सावरीच्या झाडाखाली गेली.

सावरीची बोंडं उकलली होती. रेशमासारखा पांढराशुभ्र कापूस उन्हात चमचमत खाली येत होता. कुंदा खाली पडलेले पुंजके वेचू लागली. तेवढ्यात एक चिमुकला निळा पक्षी आला आणि तिच्याजवळच्या कापसाकडे टुकूटुकू बघू लागला.

"घे बाई, आधी तू घे," कुंदा त्याला म्हणाली. "पिल्लांची गादी करायची असेल ना तुला?" आणि ती हळूच मागे सरकली. पक्ष्याने चोच भरून कापूस नेला.

वर एक बोंड टप्पकन उकललं. त्यातून करंगळीएवढी परी उतरली. कापसाचा झगा, दवाच्या थेंबासारखे लखलखते पंख!

"कुंदा," परी म्हणाली, "तुझ्या करडाच्या पोटात कापसाबरोबर एक इच्छा भर. ती खरी होईल. पण तीन गोष्टी लक्षात ठेव. इच्छा एकच. शेवटचा टाका सूर्य डोंगराला टेकायच्या आत पडला पाहिजे. आणि सूर्य बुडताना करडू ज्याच्या कुशीत असेल, त्याचीच इच्छा पुरी होईल."

कुंदाला विचार करावाच लागला नाही. कापसाच्या प्रत्येक चिमटीबरोबर ती पुटपुटली, "आई परत येऊ दे." पोट टुम्म झालं. शेवटचा टाका पडला तेव्हा सूर्य अजून डोंगराच्या वर होता. करडू कवटाळून कुंदा घराकडे पळत सुटली.

मोहाच्या झाडांपाशी तिला रडणं ऐकू आलं. तीनेक वर्षांची एक मुलगी मातीत बसली होती. गालांवर धूळ, धुळीत आसवांच्या रेघा.

"तुझं नाव काय गं?"

"शोनकी," मुलगी हुंदका देत म्हणाली. "आई फुलं वेचत होती. आई नाही."

कुंदाने चारी दिशांना हाका मारल्या. कुणीच ओ दिली नाही. सूर्य डोंगराला टेकला.

"माझ्या घरी येतेस? आत्या गरम गरम पेज देईल."

सोनकीने मान हलवली. "नको. आई पाहिजे."

 पेज मिळते, पांघरूण मिळतं, सगळे लाड करतात. आणि तरीही काय पाहिजे असतं, ते कुंदाइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने करडाला एकदा, अगदी घट्ट, उराशी धरलं. मग ते सोनकीच्या कुशीत ठेवलं.

सूर्य बुडाला.

"सोनके! अगं माझ्या बाळा!" झाडीतून एक बाई धावत आली आणि तिने लेकीला उचलून घेतलं. "ताईचं करडू दे हो परत," ती म्हणाली.

"राहू दे, मावशी," कुंदा म्हणाली. "आता तिचंच आहे ते."

मायलेकी दिसेनाशा झाल्या. मग मात्र कुंदा रिकाम्या हातांत तोंड लपवून रडली.

"वाईट वाटतंय?" कानाशी परीचा आवाज आला.

"खूप," कुंदा म्हणाली. "पण करडू परत घ्यावंसं नाही वाटत. सोनकी पुन्हा रडेल."

"करडातली इच्छा संपली, राणी. ती मला पुन्हा भरता येत नाही. पण माझे पंख माझे आहेत." परीने आपल्या पंखाचं एक टोक उसवलं आणि तो रुपेरी धागा कुंदाच्या बोटावर ठेवला. "हे टोक सोडू नकोस."

परी डोंगराकडे उडाली. उडता उडता तिचे पंख उसवत गेले, मागे धागा लांबत गेला आणि ती उजळत गेली. धुक्यावर एक चांदणी, मग नुसता प्रकाश, मोत्यासारखा शुभ्र. सारा डोंगर क्षणभर उजळला आणि परी त्या प्रकाशात विरून गेली.

धागा मात्र राहिला. कुंदा डाव्या हाताने जेवली, मूठ मिटून झोपली. एक दिवस गेला, दोन गेले. "दुखतं का गं बोट?" आत्याने विचारलं. कुंदा म्हणाली, "नाही. वाट बघतंय ते."

तिसऱ्या दिवशी सकाळी धागा हलला. आधी जरासा, मग चांगलाच ओढला गेला. कुंदा गावाबाहेर धावली. धुक्यातून एक बाई धागा गुंडाळत गुंडाळत येत होती. पाय धुळीने माखलेले, हातात भोपळ्याएवढा रुपेरी गुंडा. ती आई होती!

धागा तुटेल म्हणून दोघीही पळेनात. आई तिकडून गुंडाळत आली, कुंदा इकडून. मधलं अंतर हातभर उरलं, मग वीतभर, मग बोटभर. आणि मग उरलंच नाही.