दहा ते चारची शाळा

“…आणि जूनमध्ये ती नापास झाली तर, भन्ते?”

छायाताईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

विहाराच्या ओट्यावर म्हातारे भिक्खू सुमनतिस्स नारळाच्या हिरांचा खराटा बांधत बसले होते. ते मूळचे श्रीलंकेचेच. पण तरुणपणी अकरा वर्षं नागपुरात काढलेली, त्यामुळे कँडीच्या डोंगरात बसूनही ते नागपुरी मराठी बोलत. त्या परमुलखात छायाताईंचं मराठीतून ऐकून घेणारं दुसरं होतं कोण?

“नापास झाली तं काय होते?”

“वर्ष जाईल! नागपूरच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय, परत आल्यावर परीक्षा घेऊ, पास झाली तरच सातवीत बसवू. मैत्रिणी पुढे जातील आणि ही मागे राहील. आणि लोक मला काय म्हणतील? स्वतः मास्तरीण, अन् स्वतःची एक पोर…”

भन्त्यांनी सुतळीची गाठ ओढून घट्ट केली.

छायाताईंचे यजमान कालव्याच्या बोगद्यासाठी वर्षभराकरता इथे आलेले. गावातली शाळा सिंहली. म्हणून छायाताईंनी बाहेरच्या खोलीतच शाळा उघडली. नागपुरात बारा वर्षं साठ-साठ मुलांचे वर्ग सांभाळलेल्या बाईला एक मुलगी म्हणजे काय जड?

“मी काही म्हणता काही कमी ठेवलं नाही, भन्ते. दहा वाजता ताटावर पळी मारून घंटा देते. प्रार्थना, हजेरी, गणवेश, सगळं. दहा ते चार मला आई म्हणायचं नाही, बाईच म्हणायचं. घरच्या शाळेत मुलं लाडावतात हो.”

“मंग बिघडलं कुठं?”

छायाताईंनी पिशवीतून एक कागद काढून जमिनीवर ठेवला. बायकांच्या हातून भिक्खू काही घेत नाहीत. छायाताईंनी हात मागे घेतल्यावर भन्त्यांनी तो उचलला.

अपूर्णांकांचा पेपर होता. वर वळणदार अक्षरात नाव आणि तारीख. खाली काही नाही.

“तीन आठवडे हे असंच. झोपेत तीन चतुर्थांश, पाच अष्टमांश बडबडते आणि कागद पुढे ठेवला की हात चालत नाही. रागावून झालं, बक्षीस कबूल करून झालं. पंचवीस दिवस उरलेत, भन्ते. माझ्या घशाखाली घास उतरत नाही.”

भन्त्यांनी अंगणाकडे पाहिलं. बोधिवृक्षाच्या पारापाशी यशोधरा बसली होती. पांढरा सदरा, निळा फ्रॉक, दोन वेण्या, मांडीवर वही.

“आज शाळेले सुट्टी?”

“छे! अडीचच तर वाजलेत. क्षेत्रभेट म्हणून आणलंय तिला.”

“ये वं माय इकडं,” भन्त्यांनी हाक मारली.

यशोधरा आली, वंदन करून खाली बसली.

“ह्या कोण?”

“बाई.”

“अन् आई कुठं हाय तुही?”

यशोधरेनं आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“ती चार वाजता येते.”

छायाताई हसल्या. पण ते हसू मध्येच अडकलं.

“नागपूरले बाई रागावल्या तं काय करत होती तू?”

“घरी जाऊन आईला सांगायची. मग आई पोहे करायची आणि म्हणायची, थांब, बघते मी तुझ्या बाईंना.”

“अन् इथं?”

यशोधरा वहीचा कोपरा दुमडत राहिली…

“इथं आईला सांगितलं की बाईंना कळतं.”

छायाताई काही बोलायला गेल्या. शिस्त… सवय… शेवटी एवढंच निघालं, “पण परीक्षा, भन्ते…”

भन्त्यांनी खराटा बाजूला ठेवला. कागद उचलला. ताठ बसले आणि एकाएकी असे कडाडले की पारावरची खार झाडावर पळाली.

“काहून वं! कोरा काहून कागद? नाव लिवलं का झाला पेपर? पंचवीस दिवस राहिले, काही वाटते का तुले?”

यशोधरेनं एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. मग सरकत सरकत आली आणि छायाताईंच्या पदरात तोंड खुपसलं.

“आई… भन्ते रागावले.”

छायाताईंचा हात वर गेला. नजर घड्याळावर गेली. तीनला दहा कमी. हात तसाच हवेत राहिला…

मग तो पोरीच्या डोक्यावर उतरला.

“थांब,” त्या हळूच म्हणाल्या, “बघते मी त्यांना.”

पदरातून बारीक आवाज आला. “मला छेद समान करताच येत नाहीत, आई. बाईंना नको ना सांगू.”

छायाताईंनी डोळे पुसले, मुलीच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

“भन्ते, पण उद्या मी करू काय? शाळा तर भरवावीच लागेल.”

भन्ते पुन्हा हीर निवडू लागले होते.

“भरवा ना. रागवायले मी येतो दहाले,” ते म्हणाले. “तुम्ही फकस्त घरी राहा.”